माळ्यावरचं स्टूल

नणंद: माझं स्टूल कुठे गेलं, वहिनी? सकाळपासून या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ!

भावजय: माळ्यावर टाकलं, वन्सं.

नणंद: आणि पलंगाची दोरी?

भावजय: सोडली. चमच्यांना गुंडाळलेल्या चिंध्या काढल्या, न्हाणीघरातली खुर्ची मागच्या खोलीत नेली. घराचा नुसता दवाखाना झाला होता. परकी बाई यायची, काय म्हणेल ती?

नणंद: ती माझं दुखणं बघायला येतेय, घर विकत घ्यायला नाही.

भावजय: आणि इस्त्रीचे कपडे कोणी मागितले? केस चापूनचोपून कोणी बांधून घेतले?

नणंद: ते वेगळं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले मी. चुरगळलेल्या कपड्यांत कुणासमोर बसू? वरचं बटण राहिलंय बघ. लाव. आणि हे तिच्यासमोर काढायचं नाही.

भावजय: काय काढायचं नाही?

नणंद: बटणं तू लावतेस ते.

भावजय: आणि आंघोळीचं?

नणंद: त्याचं तर नावच नको.

भावजय: वन्सं, अपंगत्वाचा भत्ता मिळाला तर दिवसभरासाठी बाई ठेवता येईल. छापखान्यातली माझी जागा या महिन्यापुरतीच राखून ठेवलीये त्यांनी. पुस्तकं बांधायला दुसरी बाई मिळतेच की त्यांना.

नणंद: माहितीये गं. म्हणून तर अर्ज केला. सही वाकडी आली, पण केली ना?

भावजय: मग ती विचारेल त्याचं खरं सांगा.

नणंद: खरंच सांगणार. पण सगळं सांगायला ती काय माझी बालमैत्रीण आहे?

(दारावरची बेल वाजते.)

तपासनीस: नमस्कार. मी भत्त्याच्या कार्यालयातून, तपासणीसाठी. वा, घर छान ठेवलंय हो!

नणंद: हीच ठेवते. म्हणजे, आम्ही दोघी. बसा ना. ही माझी भावजय.

तपासनीस: कशी आहे तब्येत?

नणंद: बरी आहे.

भावजय: वन्सं!

नणंद: अगं, कुणी विचारलं की बरी आहे म्हणतात. तोंडातून निघून जातं.

तपासनीस: सगळेच म्हणतात. पण मी तेच लिहून नेलं तर तुमचंच नुकसान. आता हे बघा, सांध्यांचे डॉक्टर म्हणतात, हलकी कामं जमतील. डोळ्यांचे म्हणतात, समोरचं दिसतं. साखरेचे म्हणतात, पाय बधिर झालेत, पण चालायला हरकत नाही. एकेक कागद घेतला तर तुम्ही कशातच बसत नाही.

नणंद: डॉक्टर खोटं कशाला लिहितील?

भावजय: खोटं नाही लिहिलं, पण तिघांनी मिळून एकदा तरी बघितलंय का यांना? पायांना जमीन कळत नाही म्हणून या बघून पाऊल टाकतात. कडेचं दिसत नाही म्हणून भिंत चाचपतात. आणि बोटं मिटत नाहीत, म्हणून धरलेलं सुटतं. आता पडल्या, तर त्या कोणत्या डॉक्टरच्या पेशंट म्हणून पडल्या?

नणंद: वहिनी, आवाज.

तपासनीस: बोलू द्या त्यांना. स्वयंपाक कोण करतं?

नणंद: चहा मी करते.

भावजय: हो. पाणी मी ठेवते, दूध मी ओतते, पातेलं मी उतरवते. चहा या करतात.

नणंद: चव माझी असते.

तपासनीस: एकट्या राहू शकता?

नणंद: राहीन की. ही काय, चार दिवसांसाठी आलीये. माझा भाऊ गेला तेव्हा म्हणाली, वन्सं, चार दिवस सोबतीला येते.

तपासनीस: कधी गेले भाऊ?

भावजय: तीन वर्षं होतील आता.

तपासनीस: बरं. स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवता?

नणंद: त्यात काय दाखवायचं? ही उठले आणि...

भावजय: वन्सं! धरलंय, धरलंय मी. टेका माझ्या अंगावर. बसा. हळू.

नणंद: काही नाही झालं. पाय घसरला जरासा.

तपासनीस: पाय नंतर घसरला. आधी तुमचा हात गेला. इथे, खुर्चीच्या डावीकडे. इथे तर काहीच नाहीये. काय धरायला गेलात?

नणंद: कुठे काय?

भावजय: स्टूल. त्याला धरूनच उठतात त्या.

तपासनीस: मग ते कुठंय?

भावजय: माळ्यावर. तुम्ही येणार म्हणून मीच टाकलं. मीच पाडलं असतं हो आज यांना!

नणंद: रडतेस काय वेड्यासारखी? पडले का मी? आणि कपड्यांची हौस कुणाची होती? दोघींनी मिळून घर सजवलं.

तपासनीस: आणखी काय काय लपवलंय? सगळं आणा आणि रोज असतं तिथे ठेवा. मी थांबते.

भावजय: आत्ता?

तपासनीस: आत्ताच. मला तुमचं रोजचं घर बघायचंय, पाहुण्यांसाठी आवरलेलं नाही.

भावजय: हे स्टूल. ही दोरी, पलंगाच्या दांड्याला असते. उठताना मनगटाला गुंडाळून घेतात.

तपासनीस: आणि ही खुर्ची? हिचे पाय कापून ठेंगणे केलेत.

भावजय: ती होय? ती अशीच. जुनी आहे.

नणंद: अशीच काय? न्हाणीघरातली आहे ती. मी तिच्यावर बसते आणि ही मला आंघोळ घालते. रोज.

भावजय: राहू द्या ना, वन्सं.

नणंद: नाही, लिहू दे त्यांना. बटणंसुद्धा हीच लावते, हो. मला उचलून उचलून हिची पाठ धरलीये, ते ही सांगायची नाही. आणि ते चार दिवसांचं मी उगाच म्हणते. तसं म्हटलं की वाटतं, हिला कधीही जाता येईल. लिहा, बाई. हिच्याशिवाय माझा एक दिवस निघत नाही. आणि हिला आता जाऊ द्यायला हवं.