माह्या सहीचा कोटा

आमचं मूळ भंडाऱ्याकडचं, आजा मजुरीसाठी मध्यप्रदेशात बालाघाटले आला अन् इथलाच झाला. बुद्धविहाराच्या मांगं आमचं घर, त्या मोहल्ल्यातला पह्यला इंजिनीअर मी. शिकताना निळ्यासोबत लाल झेंडाबी धरला, मजुराच्या जिवावर उठू नका म्हणून गेटवर पर्चे वाटले, आज तुमी वाटता तसेच. अन् नोकरी कशाची लागली, काय सांगू तुमाले, त लालबर्ऱ्याच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये, मजुराच्या कामाले घड्याळ लावाची. कोण किती टायमात पोतं भरते, शिवते, ते मोजाचं अन् त्याच्यावरून रोजचा कोटा ठरवाचा. मले वाटलं, बरं झालं, दुश्मनाच्या घरात आपला माणूस बसला, आपण कोटा कमीच लिहू.

पोते भरणाऱ्या बाया आमच्याच मोहल्ल्याच्या. त्यातली शेवंतामावशी माह्या मायची मैत्रीण, तिनं मले कडेवर खेळवलं. आता घड्याळवाला दिसला का मजूर हात सैल सोडते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्याच्याच भरवशावर होतो. पण ह्या बायाईनं काय केलं, आपला बाबू साहेब होऊन आला, त्याचं नाव खाली जाऊ नाही, म्हणून पदर खोचून अशा भिडल्या का पाणी प्याले उठल्या नाही. मी हळूच म्हणलं, मावशी, दमानं. मावशी म्हणे, काहून, आमी म्हाताऱ्या झालो का, अन् हासली. बाजूले मॅनेजर उभा. कागद त्याच्यासमोर भरला, सही माही. त्या एका दिवसाचा जोर रोजचा कोटा झाला.

मंग आमच्याच लाल झेंड्याच्या संघटनेनं कोटा कमी करा म्हणून बैठक लावली, त मॅनेजरनं तोच कागद टेबलावर ठेवला, म्हणे, आपके ही कॉमरेड ने नापा है. मी उठलो, म्हणलं, हे मोजमाप खोटं आहे, लिहून देतो. तो म्हणे, दे दीजिए. बाहेर मावशीनं माहा हात धरला. म्हणे, खोटं काहून, आमी खरीच मेहनत केली होती, अन् आपल्या पोराचं मोजणं खोटं निघालं त उद्या आपल्यातल्या दुसऱ्या पोराले खुर्ची कोण देईन? मी लिहून नाही दिलं. हे माही चूक, तुमच्या पर्च्यात तशीच लिहा, तिले साबण लावून धुऊ नोका.

आता मावशीची कंबर गेली, तिची सून त्याच कोट्यावर पोते भरते. सोडून जावं त कोटा कमी कराले आत कोणी नाही, राहावं त कोटा माह्याच नावाचा. तुमी म्हणता, आतातरी लिहून द्या. हौ, मसुदा खिशात आहे. पण रोज गेटवर मावशी सुनेचा डबा घेऊन येते, डोक्यावरून हात फिरवते, म्हणे, सुखी राह्य बाबू, तुह्यामुळं आमची मान वर आहे. तो आशीर्वाद घेतो अन् मी आत जातो.