फ्लॉवरच्या पानाची सावली

परवाची गंमत सांगतो गड्यांनो. आमच्या आटपाडीच्या उन्हात फ्लॉवरचा गड्डा त्याच्याच पानानं झाकावा लागतोय. न्हाईतर पिवळा पडतो आन् बाजारात कुणी हात लावत न्हाई. अर्ध्या एकराचा समदा जीव त्या पांढऱ्या रंगात.

तर मी आन् बायको पानं झाकत हुतो. सरीतच माझा डोळा कवा लागला, कळलंच न्हाई. सपनात लय गार सावली, कुठंतरी पाणी वाजतंय, समदं हिरवं हिरवं. जागा झालो तर तोंडावर फ्लॉवरचं एवढं मोठं पान!

म्हटलं, "आगं, ह्ये काय?"

पुढच्या सरीतनं वर न बघताच ती म्हणाली, "झाकत झाकत आले, मधी तुमी लागलासा. पिवळं पडलासा तर कोण घील तुमास्नी?"

मी गुमान पान परत तोंडावर वढलं.