पिंजऱ्याभोवतीची गर्दी

कळंबच्या थांब्यावर कुशाबाई एसटीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी हर्षाली आणि इफरा या कॉलेजच्या मुली मोबाइलवरच्या मालिकेवरून भांडत होत्या.

“साखळीनं बांधलेल्या पाखराला चटके दिले राजाच्या शिपायांनी. बघणाऱ्या गावाचा काय दोष, इफरा?”

“बघत उभे राहिले ना सगळे.”

“राजा लई क्रूर आहे गं. तोंड उघडलं असतं तर मारलंच असतं त्यांना.”

“निघून तर जाता आलं असतं ना, हर्षाली?”

कुशाबाईंना राहवलं नाही. “आमच्या येडगावात पिंजऱ्यात बिबट्या घावला व्हता. लोकं काठ्या खुपसत व्हती. मी बी गेलते बघाया.”

“मग तुम्ही काय केलंत, आजी?”

“नातीला कडंवर घेतलं. गर्दीत तिला कायबी दिसंना.”