मशिदीसमोरच्या दोन-दोन ठोक्यांबद्दल

नाव : मुर्दिनिंगसिह, पार्जोनो यांची पत्नी. वय : ५२ वर्षे. धंदा : चहा-भज्यांची टपरी. राहणार : केबोन दुरेन गल्ली, मशिदीसमोर, सालातिगा, मध्य जावा.

मी आज सोमवारी सकाळी नऊ वाजता, कुणीही न बोलावता, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासह राहते. गेल्या शुक्रवारी आमच्या गल्लीत पोलीस जमादार सुयितनो यांना वीट लागली. ती कुणी मारली हे गल्लीत कुणालाच माहीत नाही, असं ठरलं आहे. मला माहीत आहे. तेच सांगायला आले आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

जमादारांना आम्ही सगळे आदराने पाक यितनो म्हणतो, तसंच ते मला बू मुर म्हणतात. सात वर्षं आमच्या भागाची गस्त त्यांच्याकडे आहे. ते गाडीवरून फिरत नाहीत, पायी फिरतात. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "बू मुर, गाडीवरून नुसती छपरं दिसतात. कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, ते चालताना कळतं." गल्लीतल्या कोंबड्यांचीही नावं त्यांना पाठ असतील, असं आम्ही हसतो. माझा नवरा पार्जोनो सुतार आहे. तो आणि पाक यितनो दर मंगळवारी माझ्या टपरीवर बुद्धिबळ खेळतात. नवरा हरतो आणि चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर ओरडतो.

टपरीला लागून गल्लीची राखणीची चौकी आहे. तिच्याबाहेर पोकळ लाकडाचा ठोकळा टांगलेला आहे. एक-एक ठोका म्हणजे कुणी गेलं, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग. हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन-दोन ऐकलं की हातातलं टाकून धावत यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे.

शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास नमाज सुटत होती. मी केळ्याची भजी तळत होते. मशिदीच्या आवारातून एक अनोळखी माणूस काळी स्कूटर घेऊन बाहेर पडला. ती आमच्या गल्लीतल्या पाक कुसनान यांची होती. मागे बुलबुलांच्या गाण्याच्या शर्यतीचं पिवळं स्टिकर आहे, त्यावरून ओळखली. पाक कुसनान तेव्हा पायरीवर चपला शोधत होते. मी "अहो, गाडी! तुमची गाडी!" अशी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. मी झारा टाकला आणि ठोकळ्यावर दोन-दोन ठोके दिले. किती वेळ दिले ते आठवत नाही. हाताला फोड आला आहे, तो जबाब लिहिणाऱ्या हवालदारांना दाखवला.

पन्नास-साठ माणसं अनवाणीच बाहेर धावली. तो माणूस कोपऱ्यापर्यंत गेला होता. ठोके ऐकून त्याने स्कूटर वळवली आणि परत आला. गर्दीतच थांबून त्याने विचारलं, "काय झालं? चोर कुठल्या बाजूला गेला?" तेव्हा मला कळलं. चोर असता तर ठोके ऐकून परत आला नसता. मी "थांबा, तो नाही, तो नाही" असं ओरडले. माझं कुणी ऐकलं नाही. पहिला फटका कुणाचा ते मी पाहिलं नाही. पुढचे पाहिले. ती चार नावं वेगळ्या कागदावर लिहून दिली आहेत.

पाक यितनो रस्त्यावर लोकांना पलीकडे जायला मदत करत होते. त्यांच्याकडे शिट्टी आणि दांडकं एवढंच होतं. त्यांनी त्या माणसाला कॉलर धरून गर्दीतून ओढलं, माझ्या टपरीत ढकललं आणि स्वतः दारात उभे राहिले. मी आणि तो माणूस आत. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या पिठात पडत होतं. तो एकच बोलत होता, "बू, माझी चावी लागली ना गाडीला. माझी चावी लागली." जुन्या चाव्या झिजल्या की दुसऱ्याच्या गाडीला लागतात. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. मागच्या रमजानात माझा नवरा इमामसाहेबांची गाडी घेऊन घरी आला होता. ती परत करताना त्याने केळ्यांचा घड दिला आणि सगळी गल्ली आठवडाभर हसली.

पाक यितनोंनी दांडकं उचललं नाही. ते एकेकाला नावाने बोलवत होते. "पाक दार्सो, दगड खाली. तुमच्या नातीला कालच शाळेत सोडून आलोय मी." "गिर्यो, वर बघ. बायको खिडकीत उभी आहे तुझी." "पाक कुसनान, खिसा बघा. तुमची चावी तुमच्याकडेच आहे ना? मग ह्याच्याकडे कुठली? जरा विचार करा ना राव!" ज्याचं नाव घेतलं त्याचा हात खाली यायचा. मागून बारोतो ओरडले, "मागच्या महिन्यात माझी गाडी गेली, ती आणलीत का तुम्ही?" पाक यितनो म्हणाले, "नाही आणली. शिव्या मला घाला, पाक बारोतो. हा माणूस मिळायचा नाही."

लोक शांत व्हायला लागले होते. तेव्हा बारा पन्नास झाले असावेत. ठोके पडले तेव्हा माझा नवरा मशिदीच्या मागच्या बाजूला पाय धूत होता. तिकडेच चोर शोधून तो तेव्हा आला. पाक यितनोंचं बोलणं त्याने ऐकलं नव्हतं. त्याच सुमारास आतल्या माणसाने चावी दाखवायला पाक यितनोंच्या हाताखालून डोकं बाहेर काढलं. कुंपणाच्या कामासाठी विटा रचलेल्या होत्या. त्यातली एक उचलून त्या डोक्यावर माझा नवरा पार्जोनो याने मारली. पाक यितनो मध्ये आले. मी दोन हातांवर होते. पाक यितनोंनीही त्याला पाहिलं. त्यांच्या तोंडून "पार..." एवढंच निघालं आणि ते खाली बसले.

नंतर पाक कुसनान यांना आवारात दुसरी काळी स्कूटर सापडली. मागे टोफूची टोपली बांधलेली होती. ती त्या टपरीतल्या माणसाची. त्याचं नाव रोहमत, राहणार अंबारावा. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत.

संध्याकाळी गल्लीप्रमुख पाक हार्गो यांच्या ओट्यावर बैठक झाली. ते म्हणाले, "बाहेरची पोरं आली, मारून पळाली. आपल्यातलं कुणी नव्हतं. ठरलं?" सगळे म्हणाले, ठरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बू मुर, तुम्ही मिठाची गुळणी धरा. नवऱ्याचं भलं त्यातच आहे." नवरा खाली बघत होता. तीन रात्री तो झोपला नाही, मीही नाही.

काल मी इस्पितळात गेले. पाक यितनोंचा डावा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाक यितनो मला म्हणाले, "मी कुणाला पाहिलं नाही, बू." मी म्हणाले, "खोटं बोलताय." ते म्हणाले, "सात वर्षं लागली मला त्या गल्लीतली दारं उघडायला. एका नावाने सगळी बंद होतील." मी म्हणाले, "झाली आहेत बंद. शनिवारी तुमच्या जागी नवा पोलीस पायी आला. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मीसुद्धा लावली." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांची आणि माझी दोघांचीही लाज वाटली.

आज सकाळी नवऱ्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणाले, "ठाण्यात." त्याने विचारलं, "दुपारी घरी येशील ना?" मी म्हणाले, "मी येईन."

नवऱ्याविरुद्ध साक्ष देण्याची बायकोवर सक्ती नाही, असं हवालदार प्रायोगो यांनी मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी लिहा म्हणाले. मी ठोके दिले नसते तर पार्जोनो चपला घालून सावकाश घरी जेवायला आला असता, हेही लिहायला सांगितलं. हा गुन्हा होत नाही, असं हवालदार म्हणाले. तरी लिहा, असं मी सांगितलं.

हा जबाब मला माझ्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी सवयीने "अनोळखी जमावाने" असं पडलं होतं. ते मी खोडायला लावलं. सगळे ओळखीचे आहेत, माझ्याकडे चहा पितात. त्या जागी "शेजाऱ्यांनी" असं लिहून घेतलं. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आहे.

वाचन चालू असताना पार्जोनो, वय ५६, धंदा सुतार, बाहेरच्या बाकावर येऊन बसला आहे. मी त्याला बोलावलेलं नाही. माझं सांगून झालं आहे, आता त्याला आत घ्यावं.

(सही) मुर्दिनिंगसिह
समक्ष : हवालदार प्रायोगो