काकांचं आभारप्रदर्शन

कोर्टातून केव्हा एकदा बाहेर पडतो असं मला झालं होतं. आमच्या गिरगावातल्या छापखान्याचं मशीन भाड्याचं. ते बिघडलेलंच आलं म्हणून काकांनी भाडं थांबवलं, तर कंपनीने दावा ठोकला. वकील म्हणाले, "अशा दाव्यात लढायलाही आधी परवानगी लागते. नाही मिळाली तर थेट हुकूमनामा, आणि मशीनही जाईल."

परवानगी मिळाली. पण काका पडले दर सभेत आभार मानणारे. ते उठलेच.

"न्यायाधीशसाहेबांचे आभार, वकिलांचे आभार, आणि इतकं उत्तम मशीन देणाऱ्या कंपनीचेही..."

वकिलांचा चेहरा पडला. मी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, पण ओरडलो, "संयुक्त महाराष्ट्र!"

काकांनी सवयीने मूठ उंचावून "झालाच पाहिजे" म्हटलं आणि सभा संपल्यासारखे खाली बसले.

न्यायाधीश मान खाली घालून म्हणाले, "पुढचा दावा."