नूतन गावाला जाते

(जळगावातील एका बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना. एप्रिल १९९२, दुपार. टेबलासमोर धरणगावच्या कुंदाबाई आणि त्यांचे सासरे रुपचंद आबा. भिंतीलगतच्या बाकावर कुंदाबाईंची आठ वर्षांची मुलगी नूतन.)

डॉक्टर : मग हे पत्र काय सांगतं, कुंदाबाई? खाली शाळेचा शिक्का आहे. ‘विद्यार्थिनीचे वर्गात लक्ष नसते. ती वारंवार गावाला जाते. पालकांना समज देऊनही फरक नाही.’ आणि तुम्ही म्हणता, तिला कुठेही नेत नाही.

कुंदाबाई : नेतच नाही, साहेब. मांडवात वाजंत्री सुरू झाली की कान दाबून किंचाळते. सख्ख्या भावाच्या लग्नाला मी हिच्यापायी गेले नाही.

डॉक्टर : म्हणजे शाळेच्या बाई खोटं लिहितात?

कुंदाबाई : ते आबांना विचारा. शाळेत तेच गेले होते.

आबा : माले काय इचारतस? मी खरं तेच सांगं. बाई पोरले पट्टी मारे. मी म्हनं, बाई, मारू नका, पोर गावले जास, मंग तिले काही ऐकू येस नही.

कुंदाबाई : बाई नाशिककडच्या, नव्या. त्यांनी ऐकलं तसं उतरवलं. आता म्हणतात, सारखी गावाला जाणारी मुलगी पटावर ठेवून काय करू.

डॉक्टर : थांबा. कोणत्या गावाला?

आबा : ते तिलेच ठाऊक शे. आम्हना घरमा बठ्ठा तसंच म्हनतस.

कुंदाबाई : म्हणजे जागची हलत नाही, साहेब. डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं. दार सताड उघडं आणि घरचं माणूस गावाला गेलेलं, तसं. आबा पहिल्यांदा थट्टेनं म्हणाले, मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. मीसुद्धा भाकरी थापता थापता विचारते, आली का गं नूतन?

डॉक्टर : हे कधीपासून?

कुंदाबाई : तीन वर्षं झाली असतील.

डॉक्टर : तीन वर्षं. त्यात तुम्ही माझ्याकडे पाच वेळा आलात. हा तुमचा कागद. पाचही वेळा माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘झटके नाहीत’. मी दर वेळी विचारलं होतं, फिट येते का म्हणून.

कुंदाबाई : आणि मी दर वेळी खरं सांगितलं. फिट आमच्या गल्लीतल्या वना नावाच्या पोराला येते. धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, बायका कांदा फोडून धावतात. माझी पोर एकदाही पडली नाही.

डॉक्टर : फिट येणारा पडलाच पाहिजे असं नाही.

कुंदाबाई : हे आम्ही कुठून जाणायचं? गेल्या साली, जनगणनेच्या वर्षी, धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. म्हणाले, असली मुलं आपल्याच नादात असतात, लक्ष असंच राहणार. तुम्हीही तेच म्हणालात. शाळाही म्हणते, लक्ष नाही. तुम्ही विचारायचं लक्ष लागतं का, मी म्हणायचं नाही. फिट येते का, नाही. घरात तुम्ही तिला काय म्हणता, असं कोणी विचारलंय का आजवर?

डॉक्टर : नाही विचारलं. आता विचारतो, आणि घाई न करता सांगा. ती आपल्या नादात असणं आणि गावाला जाणं, यांतला फरक तुम्हाला कळतो?

कुंदाबाई : न कळायला काय झालं? नादात असली की दहा हाका मारा, वळायची नाही. पण शेव-मुरमुऱ्यांची पुडी वाजली की मागच्या खोलीतून धावत येते. गावाला गेली की तीच पुडी कानाशी वाजवा, खांदा हलवा, काही नाही. हातातला घास हातात राहतो. पापण्या तेवढ्या फडफडतात.

डॉक्टर : किती वेळ?

आबा : तंबाखूले चुना लावाले जितला येळ लागस, तितला बी नही.

डॉक्टर : आणि दिवसातून किती वेळा?

कुंदाबाई : कधी चार, कधी पंधरा. गेल्या महिन्यात ओट्यावरून उतरता उतरता गेली. आबांनी दंड धरला म्हणून बरं.

डॉक्टर : कुंदाबाई, या मुलांना ऑटिझमच्या जोडीनं असे झटकेही येऊ शकतात. बघणाऱ्याला ते दुर्लक्षच वाटतं. उलट, खरोखरच नुसतं शून्यात बघणंही असू शकतं. मेंदूचा आलेख काढल्याशिवाय मी ‘आहे’ म्हणणार नाही. त्यासाठी औरंगाबादला जावं लागेल.

कुंदाबाई : डोक्याला तारा लावतात, तोच ना? साहेब, ही केसांना फणी लावू देत नाही. वेणी घालायची म्हणजे आम्ही दोघं लागतो.

डॉक्टर : औषध देऊन निजवतात, मग काढतात. तेही पहिल्याच खेपेला जमेल याची खात्री देत नाही.

कुंदाबाई : म्हणजे परत तेच. आहेही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. तीस तारखेला शाळा नाव काढणार. हिच्या वडिलांनी दोनदा हात जोडले तिथे. मी काय सांगू शाळेला? जी शाळा नुसतं बसू देते, तेवढीच आहे आमच्याजवळ. आणि तिला काहीच येत नाही असंही नाही हो. एसटीच्या पाट्या बघून बघून अक्षरं शिकली. आमच्या रस्त्यावरची गावं विचारा तिला.

नूतन : धरणगाव. पाळधी. बांभोरी. जळगाव.

आबा : देखा. इचारं बी नही, तरी सांगं.

डॉक्टर : एवढं स्पष्ट बोलते?

कुंदाबाई : एवढंच बोलते. दिवसभर. क्रम चुकत नाही आणि मधलं गाव गाळलेलं खपत नाही. परवा बस पाळधीला थांबली नाही, तर जळगाव येईपर्यंत रडत होती.

नूतन : धरणगाव. पाळधी. बां

डॉक्टर : बरं, औरंगाबादला मी ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी…

कुंदाबाई : साहेब.

डॉक्टर : काय?

कुंदाबाई : गेली.

डॉक्टर : बाजूला व्हा जरा. नूतन. नूतन, इकडे बघ. घड्याळ लावलंय मी. आबा, पुडी आहे का पिशवीत?

आबा : वाजाडी तं राहिनू. तिना कानजोडेच शे.

डॉक्टर : सात. आठ. हात धरलाय, ओढून घेत नाही. पापण्या… हो. दहा. आता टाळी वाजवतो. काहीच नाही. बारा. तेरा.

नूतन : भोरी. जळगाव.

आबा : उनी.

डॉक्टर : अर्धा शब्द टाकून गेली, आणि तिथूनच उचलला.

कुंदाबाई : आली की नेहमी असंच.

डॉक्टर : पाचही वेळा ती याच बाकावर पाट्या म्हणत होती. मागच्या खेपेला मीच म्हणालो होतो, तिला जरा गप्प करा, मला ऐकू येत नाही.

आबा : जाऊ द्या, साहेब. आम्हले बी कोठे समजनं व्हतं.

डॉक्टर : ही औरंगाबादची चिठ्ठी. आणि हे मुख्याध्यापकांसाठी, ऐका. ‘कुमारी नूतन कोणत्याही गावाला जात नाही. ती वर्गातच असते. काही क्षण तिचे भान जाते, असा माझा दाट संशय असून तपासणी चालू आहे. तोपर्यंत तिचे नाव पटावरून काढू नये व तिला शिक्षा करू नये. ती थांबली, तर आपणही थांबावे.’ चालेल?

कुंदाबाई : शेवटचं वाक्य परत वाचा.

डॉक्टर : ‘ती थांबली, तर आपणही थांबावे.’

कुंदाबाई : चालेल.

डॉक्टर : चुलीजवळ, विहिरीजवळ एकटी सोडू नका. आजपासून वहीत लिहायचं, किती वेळा गेली आणि किती वेळानं आली. आणि एक विचारायचं राहिलं. शाळेत पट्टी बसायची म्हणालात. घरी तर कोणी मारत नाही ना?

आबा : सूनबाई, तू चाल. गाडी निंघी जाई.

कुंदाबाई : थांबा, आबा. मी मारत होते, साहेब. अभ्यासाला बसवलं की समोर बघून ऐकायची नाही, मला वाटायचं, मुद्दाम करते. दोन-चार वेळा तोंडात दिली. रडायची नाही तेव्हा. जराशानं गावाहून परत आली की गालाला हात लावायची आणि मला दाखवायला माझ्याकडेच यायची.