काकाजींच्या नंबरावरच्या साड्या

गिऱ्हाइकांच्या खात्यांच्या घोटाळ्याचं म्हणता, तर परवा सदर बाजारात आमच्या साड्यांच्या दुकानात काय झालं ते ऐकाच! तात्यापारा मोहल्ल्यातले बोरकर काकाजी, रेल्वेतून रिटायर झालेले, मोबाईल नाचवत आत शिरले. मागे काकू, रागानं लालबुंद.

"भैया, वाचव मले! तुझ्या दुकानाचा मेसेज आला, कोसा रेशमाची साडी घेतल्याबद्दल धन्यवाद म्हणते. मी तर इकडं फिरकलोच नाही!"

काकू गरजल्या, "मंग कोणाले नेसवली ते सांगा! मागच्या महिन्यातही असेच मेसेज होते, मी वाचले."

भर गिऱ्हाइकीत सगळं दुकान कान देऊन उभं! इकडे काकाजींचा संसार पणाला, तिकडे माझ्या दुकानाचं नाव. मी घाईघाईनं कॉम्प्युटर उघडला. आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर सांगितला की बिलात सूट मिळते. काकाजींच्या नंबरावर पाहतो तर साड्याच साड्या, पैसे सगळे रोख दिलेले, घेणाऱ्याचं नाव कुठंच नाही!

माझी ट्यूब पेटली. "काकू, हा नंबर तुम्ही कोणाले सांगितला काय?"

काकूंचा आवाज एकदम उतरला. "हव. भिशीतल्या बायकायले सांगितला. म्हटलं, त्यायलेही सूट भेटन. त्याचा मेसेज यांच्या फोनवर येते, हे मले काय माहीत!"

काकाजींची कळी अशी खुलली म्हणता! छाती काढून म्हणाले, "म्हणजे साऱ्या तात्यापाऱ्यातल्या बायका माझ्याच नावावर साड्या नेसून राहिल्या?"

"भैया," काकू कडाडल्या, "सूट गेली खड्ड्यात! यांचा नंबर आत्ताच्या आत्ता काढ!"